मावशी गप्प बसली त्याची गोष्ट

मावशीच्या तोंडाला कधी विश्रांती नसायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती कुलपाच्या वॉर्डात सव्वीस वर्षं आया होती आणि सव्वीस वर्षांत तिला कुणी पाच मिनिटं गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. नवरा निवृत्त बसचालक. तो म्हणायचा, "आमच्या घरात माझ्या वाटणीचंही हीच बोलते, मला फक्त जेवायला तोंड उघडावं लागतं." त्यावर मावशी म्हणायची, "तेवढं तरी उघडता, नशीब माझं!" मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. फोनवर तिला मावशी प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळी व्हायची.

वॉर्डाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण सगळे कुलपाचा वॉर्डच म्हणत. तिथे नऊ बायका होत्या. लहानपणापासून समज सावकाश चालणाऱ्या, आणि हातून काहीतरी घडलेल्या. एकीनं भावजयीच्या डोक्यात तवा घातला होता, एक रस्त्यावरच्या काचा फोडत सुटली होती. कोर्टानं त्यांना तुरुंगात न टाकता इथे पाठवलं होतं. इस्पितळ म्हणायचं, पण आत शिरायला दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि मधल्या चार पावलांच्या जागेत मुकाट्यानं उभं राहायचं. खुर्च्या अशा जड की कुणाला उचलून फेकता येऊ नयेत. आरसा काचेचा नाही, स्टीलचा. त्यात तोंड बघितलं की चांगल्या माणसालाही आपण आजारी आहोत असं वाटावं. जेवण झालं की चमचे मोजायचे. आणि या सगळ्याच्या किल्ल्या साखळीला बांधून मावशीच्या कमरेला.

या बायकांच्या वतीनं बोलायचं काम मावशीला कुणी दिलेलं नव्हतं, तिनं ते आपणहून अंगावर घेतलं होतं. डॉक्टरांनी विचारावं, "झोप लागली का?" बाईनं विचार करायच्या आत मावशी सांगायची, "कसली लागतेय, तीनदा उठून बसली." डॉक्टरही खूश, त्यांना पुढचा वॉर्ड गाठायचा असायचा. मावशीच्या मनात खोट नव्हती हो. तिला वाटायचं, या बिचाऱ्यांची जीभ अडखळते, आपली तर धावते, मग दोघींचं भागतंय.

त्या नऊ जणींत एक होती होबाई. हे नाव वॉर्डानं ठेवलेलं. काहीही विचारा, ती "हो" म्हणायची. गोल चेहरा, आखूड केस आणि कधी रिकामे न राहणारे हात. ती चोविसाव्या वर्षी इथे आली, त्याआधी एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. तिच्या घड्या पाहाव्यात! चारही कोपरे असे जुळलेले की पट्टीनं मापून घ्यावं. वॉर्डात आल्यावर ती रुमालाची, पेपराची, औषधाच्या रिकाम्या पाकिटाचीसुद्धा घडी घालायची.

लाँड्रीच्या मागची शेड जळाली आणि रखवालदाराचे दोन्ही हात भाजले, म्हणून ती इथे आली होती. आग तिनंच लावली, असं तिनं स्वतः कबूल केलं होतं. नऊ वर्षं त्या कबुलीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मावशीनंही नाही.

होबाईची आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची. गुडघे गेलेले, जिना चढताना दर पायरीला थांबायची. एका खोलीचं घर, पण त्यात लेकीची कॉट तिनं नऊ वर्षं तशीच ठेवली होती. "मावशी, मी असेपर्यंत हिला सोडतील का हो?" एवढंच ती विचारायची. मावशी म्हणायची, "सोडतील म्हणजे काय, सोडायलाच पाहिजे!" वर्षातून एकदा समिती बसायची, तीन माणसांची. ती होबाईला प्रश्न विचारायची, होबाई हो म्हणायची, आणि समिती आणखी एक वर्ष वाढवून चहा प्यायची.

अशात बोलायच्या ताई आल्या. वयानं मावशीच्या मुलीएवढ्या, खांद्याला भली मोठी पिशवी. त्यांचं काम एवढंच, की दर मंगळवारी अकरा वाजता एका बाईसमोर बसायचं आणि तिला बोलू द्यायचं. औषध नाही, इंजेक्शन नाही. चोवीस मंगळवार. "बसून गप्पा मारायला पगार देतात?" मावशीनं नवऱ्याला विचारलं. "मग मी सव्वीस वर्षं फुकटच घालवली की!"

चादरी ठेवायची जुनी खोली त्यांना मिळाली. भिंतीवर फळ्यांच्या खुणा तशाच होत्या, खिडकी चार बोटं उघडायची. नियम असा, की ओळखीचं एक माणूस बरोबर बसेल. होबाईला विचारलं, मावशी बसू दे का? ती म्हणाली, हो. ती दुसरं काय म्हणणार!

पहिल्या मंगळवारी ताईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि विचारलं, "तुला इथे कसं वाटतं?"

"बरं वाटतं तिला," मावशी म्हणाली. "फक्त रविवारी आई गेली की..."

"मावशी, ती सांगेल."

"हो, ती सांगेलच, पण तिला जरा वेळ..."

"तोच वेळ देऊ या तिला."

एका तासात ताईंनी हे सतरा वेळा म्हटलं. मावशीनं मोजलं होतं. स्वयंपाकघरात येऊन तिनं किटली दाणकन आपटली. "बोलायची खोली म्हणे, आणि मलाच बोलायची बंदी! काल आलेली पोर मला शहाणपण शिकवतेय."

दुसऱ्या मंगळवारी ताईंनी विचारलं, "आज मंगळवार आहे का?" होबाई म्हणाली, "हो." पुढे थोड्या गप्पा झाल्या आणि ताईंनी विचारलं, "आज शुक्रवार आहे का?" होबाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "हो." एकच गोष्ट सुलट विचारायची आणि मग उलट विचारायची, अशी ताईंची रीत होती. दोन्हीकडे "हो" आलं, की त्या "हो"ला काही अर्थ नाही.

मावशीला चपलेची गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी तिनं होबाईला नवी चप्पल दिली होती. "बसते ना गं?" "हो." ती चप्पल एक नंबर लहान होती. अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली तेव्हा कळलं, आणि तेव्हा मावशी तिलाच ओरडली होती, "तोंड नाही का तुला?"

मग ताईंनी फाइलमधली नऊ वर्षांपूर्वीची कबुली वाचून दाखवली. आग तूच लावलीस? हो. मुद्दाम लावलीस? हो. माणसाला जाळायचं होतं? हो. कुणी सांगितलं होतं का? हो. की कुणीच नव्हतं सांगितलं? हो. खाली सही, शिक्का. लिहून घेणाऱ्याला आपण काय लिहितोय हे दिसलं नसेल का? दिसलं असेल. पण उत्तर हवं होतं, मिळालं, काम झालं.

त्या दिवसापासून मावशी खरोखर गप्प बसायला शिकू लागली. सोपं होतं असं समजू नका. ती ओठ दाताखाली धरायची, किल्ल्या मुठीत आवळायची, मनात पाढे म्हणायची. घरीही ती इतकी गप्प राहू लागली की नवऱ्यानं कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का तुला? की माझं काही चुकलं?" आणि गंमत म्हणजे त्या आठवड्यात नवऱ्यानंच तिला त्याच्या जुन्या मार्गावरच्या एका म्हाताऱ्या प्रवाशाची आठवण सांगितली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं ती ऐकलेली नव्हती.

अकराव्या मंगळवारी ताईंनी होबाईला बिनसाखरेचा चहा दिला. "गोड आहे ना?" होबाईनं घोट घेतला. तोंड वाकडं झालं. ओठांवर "हो" आला होता, मावशीला दिसत होता. होबाईचे हात कागदी रुमालाची घडी घालत राहिले, एक, दोन, तीन, रुमाल पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला.

"नाही," ती म्हणाली. "साखर नाही."

मावशी एप्रन तोंडात कोंबून बाहेर आली आणि झाडूच्या कपाटाशी उभी राहून घळाघळा रडली. तेहतीस वर्षांच्या बाईचं पहिलं "नाही" होतं ते, तेही चहावरून.

सोळाव्या मंगळवारी आगीची गोष्ट निघाली. ताईंनी फक्त एक घडी नसलेली चादर टेबलावर ठेवली होती. होबाईनं ती घडी केली, मोडली, पुन्हा केली. पाऊण तास. आणि मग बोलली, डोळे चादरीवर ठेवून. इस्त्री ठेवली आणि लाँड्रीच्या बाई हाक मारत होत्या म्हणून गेली. चादर जळली, इथे, तळव्याएवढी. बाई ओरडतील. कामावरच्या एकीनं मागे सांगितलं होतं, खराब झालं की पिंपात जाळून टाकायचं, कुणाला कळत नाही. म्हणून पिंपात टाकली. वारा होता. "मला दादा दिसले नाहीत. दादा झोपले होते. दादांचे हात..." दादा म्हणजे रखवालदार. ती त्यांना रोज पाणी नेऊन द्यायची.

मावशीला वाटलं उठून तिला छातीशी धरावं आणि आत्ताच्या आत्ता इस्पितळाच्या साहेबांच्या खोलीत जाऊन टेबलावर मूठ आपटावी. ताईंनी हातानं खूण केली, बसा.

"हे मी समितीला सांगू का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे समितीला कळायला नको?"

"कळायला हवं. मी सांगीन. माझं आहे."

ताईंचे डोळे भरून आले. खोलीत बोललेलं त्या बाईच्या परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. तो मावशीनंही होबाईच्या हातावर हात ठेवून कबूल केला होता. शब्द दिला होता म्हणा ना.

पुढचे मंगळवार त्या तिघींनी समितीचीच तयारी केली. आईला कळलं तेव्हा तिनं घराला रंग दिला, गुडघ्यांसकट स्टुलावर चढून. मावशीनं तिला फोनवर झापलं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच हसत बसली.

आणि मग कचेरीची नेहमीची तऱ्हा. समितीची तारीख महिनाअखेरची होती, ती अध्यक्षांच्या सोयीसाठी तीन आठवडे अलीकडे आली. ताईंच्या वडिलांचं ऑपरेशन, त्या दुसऱ्या गावी. त्यांनी पत्र पाठवलं, की या बाईला उत्तर द्यायला वेळ लागतो, तो कृपया द्यावा, आणि तिचा पहिला हो धरू नये. पत्र फाइलला लागलं, अकराव्या पानावर. अकराव्या पानापर्यंत कोण जातं?

ताईंनी मावशीला फोन केला. "तुम्ही तिच्याजवळ बसा. आणि मावशी, तिच्या वतीनं बोलू नका. ती सांगेल. मला खात्री आहे."

"ताई, माझ्या तोंडाला आता कुलूप आहे," मावशी म्हणाली. "सगळ्यात पक्कं."

समितीची खोली मोठी, टेबल लांब, भिंतीवर घड्याळ. त्या दिवशी सात बायका होत्या, प्रत्येकीला बारा मिनिटं. बाहेरच्या बाकावर आई बसली होती. बरोबर रिकामी पिशवी आणली होती, लेकीचे कपडे न्यायला. "आज नेता येत नाही हो," मावशीनं सांगितलं होतं, "आज फक्त ठरतं." तरी तिनं आणली.

अध्यक्ष साहेब वाईट नव्हते. हेच तर दुःख आहे. आवाज मऊ होता, ते हसले, पाणी दिलं. पण समोर छापील प्रश्न होते आणि ते त्यांना पुरे करायचे होते.

"इथे नीट काळजी घेतात?"

"हो."

"आग तू लावली होतीस, हे आठवतं?"

"हो."

"पुन्हा कधी तसं करावंसं वाटतं?"

होबाईनं टेबलाकडे पाहिलं, तीन अनोळखी चेहऱ्यांकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. जुना हो. भीतीचा.

मावशी खुर्चीत पुढे सरकली. उलट विचारा, साहेब! उलट विचारून बघा, तिला हेही हो आहे आणि तेही हो आहे! जिभेच्या टोकाशी आलेलं तिनं गिळलं. कारण तिला दिसलं, की होबाईनं समोरचा कोरा कागद ओढला आहे आणि त्याची घडी घालायला घेतली आहे. ती निघाली होती. सांगायला निघाली होती. आता आपण बोललो, तर ती थांबेल आणि आपण तिचं तिच्याकडून हिसकावून घेऊ.

साहेबांनी मावशीकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही हिला इतकी वर्षं ओळखता. तुम्हाला काही सांगायचंय?"

सव्वीस वर्षांत मावशीला असं कुणी विचारलं नव्हतं. न विचारता ती बोलत आली होती, आणि आज विचारलं होतं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ती सांगेल. जरा थांबा."

साहेब थांबले. खोटं कशाला बोलायचं, दोन मिनिटं थांबले बिचारे. कागदाची एक घडी, दुसरी, तिसरी. शेजारच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साहेबांनी हळूच फाइल मिटली. "बरं. पुढच्या वर्षी बघू या."

मावशी होबाईला घेऊन परत निघाली. पहिलं दार लागलं, दुसरं अजून उघडायचं होतं. त्या मधल्या चार पावलांच्या जागेत होबाईनं मुठीतला घडी केलेला कागद मावशीच्या हातात ठेवला आणि बोलली. "चादर जळली होती. मी घाबरले. मी पिंपात टाकली. वारा होता. मला दादा दिसले नाहीत. मी परत नाही करणार. मला आईकडे जायचंय." एका दमात, न अडखळता. आणि मग चेहरा उजळून तिनं विचारलं, "बरोबर सांगितलं?"

मावशी मागे धावली. समितीच्या दाराशी शिपाई उभा होता, आत पुढची बाई बसली होती. ती ओरडली, रडली, दार ठोकलं. तिला समज देणारा कागद दुसऱ्या दिवशी मिळाला. ताईंनी अर्ज केला. उत्तर आलं, की पुढील बैठकीत विचार करण्यात येईल. बाकावरच्या आईला मावशीनं सांगितलं, तेव्हा तिनं ती रिकामी पिशवी पुन्हा गुंडाळून काखेत मारली आणि जिना उतरायला लागली, दर पायरीला थांबत.

ताई परत आल्यावर म्हणाल्या, "मावशी, चूक माझी आहे. कधी बोलायचं तेही मी सांगायला हवं होतं."

"गप्प बसा," मावशी म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? मला विचारलं होतं ना त्यांनी? तोंड माझंच होतं."

आई त्यानंतरच्या सातव्या महिन्यात गेली. फार आजारीही नव्हती. होबाईला घरी नेलं, दोन पहारेकऱ्यांबरोबर, तासाभरासाठी. भिंतींचा रंग अजून नवा होता. तिनं आपल्या कॉटवरची चादर काढली, नीट घडी केली आणि परत तिथेच ठेवली.

पुढच्या वर्षी समितीपुढे ताई तिच्याजवळ होत्या, वेळ दीड तासाचा मागून घेतला होता. होबाईनं सगळं सांगितलं. साहेबांनी या वेळी पेन खाली ठेवून ऐकलं, चष्मा पुसला. "म्हणजे तुला घरी सोडायला हरकत नाही," ते म्हणाले. "घरी जायचंय ना तुला?"

होबाईनं विचार केला. तिला आता घाई नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "तिथे आई नाही."

घरी न्यायला दुसरं कुणी नव्हतंच. कुलूप नसलेल्या एखाद्या निवासात जागा मिळेपर्यंत तिनं इथेच राहावं असं ठरलं. यादी लांब होती. अजूनही आहे.

मावशी त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाली. किल्ल्यांची साखळी सोडताना तिनं दोनदा कमरेला हात लावून पाहिला. आता दर मंगळवारी अकरा वाजता ती पाहुणी म्हणून येते, वहीत सही करते, पिशवी तपासून देते, दोन दारांच्या मध्ये सगळ्यांसारखी उभी राहते. चादरींच्या त्या खोलीत दोघी चहा पितात. मावशी घड्याळ काढून पालथं ठेवते. फारसं बोलत नाही.

परवाच्या मंगळवारी होबाई बिस्किटाच्या कागदाची घडी घालत होती. मध्येच ती म्हणाली, "मावशी, साहेबांनी तुला विचारलं होतं."

"हो गं."

"तू सांगितलं नाहीस."

मावशीकडे कारणं होती. शब्द दिला होता, ताई म्हणाल्या होत्या, तुझे हात चालले होते, मला वाटलं आता बोलशील. वर्षभर ती हीच कारणं रोज स्वतःला सांगत आली होती. त्यातलं एकही तिनं बाहेर काढलं नाही.

"माझं चुकलं का गं?" तिनं विचारलं.

होबाईचे हात थांबले. ती बराच वेळ मावशीकडे पाहत राहिली, आणि मावशीनं तो वेळ तिला दिला.

"हो," होबाई म्हणाली.

मावशीनं कप खाली ठेवला. तिला एवढंच माहीत होतं, की एकदा उलट विचारून बघायचं असतं. तिनं विचारलं.

"म्हणजे मी केलं ते बरोबर नव्हतं? की बरोबर होतं? बरोबर होतं का गं?"

"नाही," होबाई म्हणाली, आणि बिस्किटाचा पुडा तिच्याकडे सरकवला.